वहीतून खोडलेल्या बहिणी

'तुझ्या आईने शिवलेले पडदे अजून आपल्या हॉलमध्ये आहेत आणि सगळ्यांना फार आवडतात.' हे वाक्य ज्या मेलमध्ये होतं, तो मी ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये हातातला चमचा खाली ठेवून तीनदा वाचला. लिहिणारी बाई एकवीस वर्षांनी मला लिहीत होती. सुरुवातीला तिने मला 'प्रिय बहिणी' म्हटलं होतं.

बहीण हा शब्द तिचा नव्हता, त्या घराचा होता. बॉनमध्ये नदीपासून वर चढत जाणाऱ्या एका रस्त्यावर विद्यार्थिनींच्या एका जुन्या संघटनेचं तीन मजली घर आहे. तिथे बारा मुली राहतात. वर्षभर राहून झालं की सगळ्या मिळून मत देतात, तुझं नाव एका जाड वहीत शाईच्या पेनने लिहितात, जांभळी फीत लावतात, आणि मग तू आयुष्यभराची बहीण. पुढे नोकरीला लागलीस की वर्गणी द्यायची, वर्षातून एकदा यायचं, नव्या मुलींना सांभाळायचं. मी मिरजेची. पुण्यात इंजिनिअरिंग करून मास्टर्ससाठी बॉनला आले आणि भाडं कमी होतं म्हणून त्या घरात शिरले. वर्षभरात मला ते घर आवडायला लागलं होतं. नाव वहीत लागायला एक महिना राहिला होता, तेव्हा माझी आई जर्मनीत आली.

ती मुळात हॅनोव्हरला माझ्या मामेबहिणीकडे उतरली होती. माझ्याकडे आठवडाभरासाठी आली, कारण घरात पाहुण्याला सात रात्रींची परवानगी होती. माझी आई मिरजेत शिवणाचे क्लास घ्यायची. रिकामं बसणं तिला जमायचंच नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून ती माझ्या कोटाची उसवलेली दुमड घालत होती, तेव्हा आमची घरप्रमुख तिथे आली. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, कायदा शिकणारी, उंच, सरळ पाठीची. मुली तिला घाबरायच्या आणि तिच्यासारखी वेणीही घालायच्या. तिने कोट उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "तुझी आई पडदे शिवेल का?"

संघटनेचा वर्धापनदिन जवळ आला होता. हॉलसाठी कापड आणून ठेवलेलं होतं, पण शिवणारा फार पैसे मागत होता. मी आईला विचारलं. ती इतकी खूश झाली की तिने आधी कापड पाहायला मागितलं. तळघरातून जुनं मशीन वर आणलं, आईने त्याला तेल घातलं, पट्टा बदलायला लावला आणि बसली. खिडक्या अकरा होत्या, कापड जाड होतं आणि आत अस्तर हवं होतं. सहाव्या दिवशी सहा खिडक्या झाल्या होत्या. मी घरप्रमुखाला सांगितलं की उद्या सात रात्री पूर्ण होतात, आईला जावं लागेल.

"आल्झो, बरं, ते माझ्यावर सोड," ती म्हणाली. "पडदे होऊ देत."

आई आणखी दोन रात्री राहिली. दहाव्या दिवशी दुपारी शेवटचा पडदा लागला. घरप्रमुख स्वतः शिडीवर चढली होती आणि आई खालून पकडून उभी होती. त्याच संध्याकाळी सहा वाजता तिने घराची बैठक बोलावली.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये काचेचं दार आहे. आई पलीकडे बसून चहा पीत होती, तिला आम्ही सगळ्या दिसत होतो. घरप्रमुखाने मला उभं राहायला सांगितलं आणि एक कागद वाचला. पाहुणी नियमाबाहेर दोन रात्री राहिली. घराचं मशीन विनापरवानगी वापरलं. ताकीद देऊनही सुधारणा नाही. ताकीद कुणीच दिली नव्हती. मी म्हटलं, "तूच सांगितलं होतंस राहायला."

"लेखी आहे तुझ्याकडे?" तिने विचारलं.

मग मत घेतलं. आठ हात वर गेले. त्या नव्या पडद्यांसमोर वर झालेले ते हात मला आजही एकेक आठवतात, कुणाच्या बोटात अंगठी होती तेही.

मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा आईने विचारलं, "काय वाचत होती गं ती? तुझं नाव दोनदा ऐकलं मी."

"कौतुक करत होती," मी म्हटलं. "तुझंसुद्धा."

आई उठली, पदर सारखा केला आणि काचेचं दार उघडून हॉलमध्ये गेली. तिने घरप्रमुखाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तिला येत होतं तेवढ्या इंग्रजीत म्हणाली, "थँक यू फॉर माय डॉटर." घरप्रमुख हसली. ती आईला काहीतरी छान म्हणालीसुद्धा.

मला महिन्याभरात खोली सोडायची होती. नंतर एका मुलीने बाथरूमच्या रांगेत हळूच सांगितलं की बाल्कनीची कोपऱ्यातली खोली ज्येष्ठतेने आता माझ्याकडे येणार होती आणि घरप्रमुखाला ती तिच्या मैत्रिणीला द्यायची होती. एवढंच कारण होतं. वहीत माझं नाव उमेदवारांच्या पानावर होतं, त्यावर पट्टीने रेघ मारली गेली.

पुढे सगळं नीट झालं. दुसरी खोली मिळाली, पदवी मिळाली, ड्युसेलडॉर्फमध्ये नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली. आता मी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागाची प्रमुख आहे. दिवसभर पुरवठादारांशी बोलायचं, करारातल्या बारीक अक्षरांतून वाट काढायची, हे माझं काम. त्या संध्याकाळचा विचार मी रोज करत नव्हते. पण पडदे विकत घ्यायची वेळ आली की मी दुकानातून रिकाम्या हातांनी परत यायची, म्हणून आमच्या घरात आजपर्यंत गुंडाळायचे शेड्सच आहेत.

तर मेल. घराचं छप्पर गळत होतं, हीटिंग बदलायला हवं होतं आणि नगरपालिकेने मुदत दिली होती. मोठी मोहीम काढायची ठरली होती. जुन्या बहिणींना फोन करायला स्वयंसेविका हव्या होत्या आणि देणगीदार हवे होते. ती गेली अनेक वर्षं माजी विद्यार्थिनींच्या मंडळाची अध्यक्ष होती. माझं पद तिने इंटरनेटवर पाहिलं होतं. मेलवरून एवढं स्पष्ट होतं की मला तिने घराबाहेर काढलं होतं, हे तिला आठवतच नव्हतं. तिच्या डोक्यात मी शिक्षण संपवून निघून गेलेली एक भारतीय मुलगी होते, जिच्या आईने पडदे शिवले.

जेवताना मी नवऱ्याला मेल वाचून दाखवला. त्याला ती गोष्ट लग्नाआधीपासून माहीत होती.

"डिलीट कर," तो म्हणाला.

मुलगी सोळा वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते. तिने विचारलं, तू त्या बाईला माफ केलंस का.

"नाही," मी म्हटलं.

मग उत्तर कशाला देतेस, असं तिने विचारलं.

"म्हणूनच."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि भाजी पुढे सरकवली. रात्री भांडी आवरताना तो म्हणाला, "हे बघ, तिच्या मागे लागशील तर पूर्ण लाग. अर्धवट करून घरी येऊन रडू नकोस." मी त्याला तसा शब्द दिला.

मी उत्तर लिहिलं की मला आनंद झाला आणि मी फोन करायला तयार आहे. पुढच्या शनिवारी बॉनला गेले. तिने दारातच मला मिठी मारली. केस आता आखूड आणि करडे झाले होते, पाठ तशीच सरळ होती. "तू अजिबात बदलली नाहीस," ती म्हणाली. मीही तेच म्हटलं. हॉलमध्ये पडदे होते. रंग उडाला होता, पण मी जाताजाता एकाची खालची कड उलटून पाहिली. आईची दुमड होती, बाहेरून टाका दिसत नाही अशी. एकही उसवलेला नव्हता.

बैठकीत पाच जणी होत्या, तेच मंडळ. मला यादी दाखवली. यादी घरी न्यायची तर मंडळात असायला हवं, माहिती-सुरक्षेचा कायदा असा आहे, म्हणून तिने तिथल्या तिथे मला मंडळावर सहावी सदस्य म्हणून घेतलं. "आपण एकमेकींना ओळखतोच," ती म्हणाली.

यादी चाळताना मी सहज विचारलं, "ज्या इथे राहिल्या पण या यादीत नाहीत, त्यांचं काय?"

"त्या आपल्या नाहीत," ती म्हणाली.

"पण त्यांचे पैसे चालतील?"

ती हसली. "गेनाऊ, अर्थातच. पैसे कुणाचेही चालतात. विचारून बघ त्यांना."

मग मी तिच्याकडून तळघरातल्या कपाटाची किल्ली घेतली. घराच्या सगळ्या वह्या तिथे रांगेने लावलेल्या होत्या. थंड होतं, मी कोट घालूनच बसले. प्रत्येक वहीत उमेदवारांची पानं होती आणि त्यांत रेघ मारलेली नावं. काही वर्षांत एकही नाही, काही वर्षांत एखादं. ती घरप्रमुख होती त्या तीन वर्षांत सात. माझं नाव सातवं होतं. मी सगळी खोडलेली नावं उतरवून घेतली, जुन्या-नव्या सगळ्या वह्यांतली, आणि त्याच वेळी संघटनेची घटनाही फोनमध्ये उतरवून घेतली, कारण घटना वाचल्याशिवाय कुठल्याही कामाला हात घालायचा नाही ही माझी सवय आहे.

ट्रेनमध्ये ती घटना वाचली. सदस्य कोण होऊ शकते, तर जी स्त्री घरात किमान सहा महिने राहिली आहे आणि वार्षिक वर्गणी भरते. अर्ज मंडळाने मंजूर करायचा. मंजुरीनंतर तीन महिन्यांनी मताचा हक्क. वहीत नाव असावं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती रीत होती, नियम नव्हता. इतकी वर्षं कुणी विचारलंच नसावं. कोलोन यायच्या आत माझं पुढचं सगळं ठरलं होतं.

मी देणगीचा अर्ज तयार केला. एक पान, स्वच्छ, मोठ्या अक्षरांत. वर देणगीची रक्कम. खाली दोन चौकोन. एक, मला मोहिमेची माहिती हवी आहे. दोन, मी घरात सहा महिन्यांहून जास्त राहिले आहे आणि मला वर्गणी भरून सदस्य व्हायचं आहे. मंडळाच्या बैठकीत तिने तो पाहिला आणि म्हणाली, "सुंदर. शेवटी कुणीतरी व्यावसायिक माणूस मिळालं." दर महिन्याला मी तिच्यासमोर अर्जांचा गठ्ठा ठेवायची. ती रक्कम पाहायची, खूश व्हायची आणि मंजुरीच्या जागी सही करायची. लग्नानंतरची नावं, वीस-तीस वर्षांचं अंतर. तिला एकीचीही ओळख पटली नाही. बाकीच्या चार जणी तिच्या सहीखाली सह्या करायच्या.

काम मी खोटेपणाने केलं नाही, हे सांगायला हवं. यादीतल्या सरळ बहिणींनाही मी फोन केले आणि चांगले पैसे आणले. ज्या तिथे सुखात राहिल्या होत्या त्या भरभरून बोलायच्या, आठवणी सांगायच्या आणि थोडे पैसे द्यायच्या. खोडलेल्या बायकांचा पत्ता मी एकेक करून इंटरनेटवर शोधला होता. त्या आधी विचारायच्या, "अध्यक्ष कोण आहे आता?" मी सांगायची. मग बऱ्याचशा मोठी रक्कम द्यायच्या आणि दुसऱ्या चौकोनात खूण करायच्या.

हॅनोव्हरला कामानिमित्त प्रदर्शनाला गेले होते तेव्हा त्यांच्यातल्या एकीला भेटले. ती शहराबाहेरच्या गावात जनावरांची डॉक्टर आहे. मी पोचले तेव्हा एका गायीकडून आली होती आणि कोपरापर्यंत हात धूत होती. तिला घरातून काढलं होतं कारण तिला दिवस गेले होते. कागदावर कारण लिहिलं होतं, घराच्या शांततेचा भंग. मूल पोटात असताना हे लिहिलं होतं. ते मूल आता शेजारच्या खोलीत कुत्र्याला पट्टी बांधत होतं, चांगला दाढीवाला माणूस.

"किती हवेत तिला?" तिने टॉवेलने हात पुसत विचारलं.

मी आकडा सांगितला.

"आणि तिला घालवायला किती लागतील?"

"त्याला पैसे लागत नाहीत. इथे सही लागेल."

तिने अर्ज टेबलावर ठेवला, चष्मा शोधला आणि पूर्ण वाचून सही केली. मग म्हणाली, "तू उभी राहणार का तिच्याविरुद्ध?"

"मी राहिले तर सगळ्यांना वाटेल मला खुर्ची हवी होती. तू राहा."

"मला शनिवारी दवाखाना असतो," ती म्हणाली. मग, "बघते." त्या दोन शब्दांनी मला इतकं बरं वाटलं की परतीच्या वाटेवर मी स्टेशनवर उभ्याउभ्या दोन मोठे केक खाल्ले.

एक फोन मात्र वेगळा झाला. ती बाई बल्गेरियाची, माझ्याच काळातली, माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी. आता ड्युसेलडॉर्फमध्येच औषधांच्या दुकानात काम करत होती. मी नेहमीचं बोलायला लागले. घर, छप्पर, अध्यक्ष कोण आहे, आपण काय करू शकतो.

"तू हात वर केला होतास," ती मध्येच म्हणाली.

मला कळलं नाही. मग कळलं. तिची बैठक माझ्या बैठकीच्या चार महिने आधी झाली होती. कशावरून झाली तेही मला आठवत नव्हतं. घरप्रमुखाने कागद वाचला होता आणि हात वर गेले होते, त्यांत माझा होता.

"मी नवी होते," मी म्हटलं.

"मीसुद्धा."

तीच पुढे म्हणाली, "तुला काढलं ते मला कळलं होतं. मला बरं वाटलं होतं. तुझी आई तिथे होती असंही कळलं, तरी बरं वाटलं." तिचा आवाज चढलेला नव्हता. मागे दुकानाच्या दाराची घंटी वाजली आणि ती गिऱ्हाइकाला थांबायला सांगून परत फोनवर आली. "मला तुमच्या दोघींच्या भांडणात घेऊ नकोस. आणि परत फोन करू नकोस."

मी दोन दिवस एकही फोन केला नाही. माझ्यावर आठ हात उठले ते मी एकवीस वर्षं मोजत होते आणि माझा स्वतःचा हात मला आठवत नव्हता. मी तिला पत्र लिहिलं, हाताने, माफी मागून. उत्तर आलं नाही, यायलाही नको होतं. नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. त्याने थांब म्हटलं असतं आणि मला थांबायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी यादीतलं पुढचं नाव काढलं आणि फोन लावला. याबद्दल मला अजूनही स्वतःची लाज वाटते, पण केलं ते असं.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी अकरा वाजता वार्षिक सभा होती. हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, तळघरातून घड्या घातलेल्या खुर्च्या आणाव्या लागल्या. अध्यक्ष आनंदात होती. एवढी गर्दी कधीच झाली नव्हती, असं तिने माइकवर सांगितलं. मोहिमेचं लक्ष्य पूर्ण झालं होतं. तिने माझं नाव घेऊन मला उभं केलं, टाळ्या वाजल्या. पुढचा विषय मंडळाची निवडणूक. दरवर्षी ती विचारायची की दुसरी कोणी इच्छुक आहे का, मग हसायची आणि पुढे जायची. या वर्षी तिने विचारलं आणि हॅनोव्हरची डॉक्टर उभी राहिली.

अध्यक्षाने तिच्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. मग हॉलमध्ये नजर फिरवली आणि मला वाटतं त्या क्षणी तिला काही चेहरे दिसायला लागले. ती म्हणाली की यातल्या कित्येक जणी बहिणी नाहीत, त्यांना मत देता येणार नाही.

मी फाइल घेऊन पुढे गेले. घटनेतलं कलम वाचलं. मग मंजूर झालेले अर्ज एकेक करून टेबलावर ठेवत गेले. प्रत्येकाच्या तळाशी तिची सही. घाई केली नाही. शेवटचा कागद ठेवल्यावर म्हटलं, "लेखी आहे."

ती त्या कागदांकडे पाहत उभी होती. बसायला लागली तेव्हा मी म्हटलं, "उभीच राहा, प्लीज. मला एक गोष्ट सांगायची आहे." मग मी सांगितलं. पडदे, नऊ रात्री, शिडी, कागद, काचेचं दार, माझ्या आईने धरलेला तिचा हात. जर्मनमध्ये मी कामावर रोज बोलते, पण त्या दिवशीसारखं सरळ कधी बोलले नव्हते. हॉलमधल्या बायका वळून पडद्यांकडे पाहायला लागल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या सध्याच्या विद्यार्थिनींपैकी एकीने तोंडावर हात ठेवला होता.

माझं बोलणं संपलं, आता अध्यक्षाची पाळी होती. मला वाटलं होतं ती नाकारेल, किंवा माफी मागेल. दोन्हीसाठी माझ्याकडे उत्तर तयार होतं.

"किती रात्री म्हणालीस?" तिने विचारलं.

"नऊ."

"नियम सातचा होता," ती म्हणाली.

त्या एका वाक्याने ज्या काठावर होत्या त्याही सरकल्या, असं मला नंतर दोघीतिघींनी सांगितलं. मतदान चिठ्ठ्यांनी झालं. ती नऊ मतांनी हरली. निकाल वाचला तेव्हा मी तिच्या चेहऱ्यावरून नजर हटवली नाही. मानेपासून कानांपर्यंत लाली चढत गेली आणि पाठ पहिल्यांदा जरा वाकली. मला फार चांगलं वाटलं. नंतर वाईट वाटेल, पोकळ वाटेल, असं लोक सांगतात. मी वाट पाहिली. मला भूक लागली होती, मी सूप दोनदा घेतलं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "झालं?"

"झालं."

"रडलीस?"

"नाही."

मुलगी सोफ्यावर आडवी पडून ऐकत होती. हे सगळं खूप क्षुद्र आहे, असं ती जर्मनमध्ये म्हणाली. मी म्हटलं, हो, आहे. ती उठली आणि माझ्यासाठी चहा ठेवला.

रविवारी आईशी व्हिडिओवर बोलले. तिचे डोळे आता बरे नाहीत, शिवण बंद आहे. मी बॉनला गेले होते हे तिला माहीत होतं. "ती मुलगी भेटली का गं?" तिने विचारलं. "उंच होती बघ. फार गोड होती. सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं होतं तिने." मी म्हटलं, भेटली, बरी आहे, तुझी आठवण काढत होती. ज्या माणसासाठी हे सगळं केलं, त्या एकाच माणसाला ते सांगता येण्यासारखं नाही, हे मला सभेच्या आधीही माहीत होतं.

डॉक्टर अध्यक्ष झाली. आठवड्यातले दोन दिवस तिला बॉनची कामं असतात आणि ती मला फोन करून करवादते की हे तू मला लावलंस. छपराचं काम माझ्याकडे आलं, कारण कंत्राटदारांशी बोलणं माझा धंदा. दर दुसऱ्या शनिवारी मी बॉनला असते. पाहुण्यांचा नियम बदलायचा विषय मंडळात निघाला तेव्हा आम्ही सगळ्या मिळून तो चौदा रात्रींचा केला. नव्या मुलीला काढायचं असेल तर आता आधी लेखी नोटीस, मग तिची बाजू ऐकणं, आणि दोन जुन्या बहिणी हजर हव्यात. खोडलेली नावं परत लिहावीत असंही ठरलं. मी तळघरात जाऊन सगळी लिहिली. बल्गेरियाच्या बाईचं लिहिण्याआधी थांबले, तिला विचारलं नव्हतं. ती जागा तशीच ठेवली.

काम संपल्यावर वसंतात घर दाखवण्याचा समारंभ झाला. देणगीदारांना बोलावलं होतं आणि माजी अध्यक्षाने स्वतःही देणगी दिली होती, त्यामुळे तिला बोलावणं भाग होतं. बैठकव्यवस्था माझ्याकडे होती. मी तिला खांबामागची खुर्ची दिली, जिथून व्यासपीठ दिसत नाही. ती वेळेवर आली, आपलं नाव शोधत तिथे जाऊन बसली आणि दीड तास मान तिरकी करून ऐकत राहिली. नंतर केक घेऊन माझ्याकडे आली. छपराचं काम उत्तम झालं आहे, असं म्हणाली. तिने हात पुढे केला, मी हात मिळवला. तिचा हात गार होता. आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले, पण ती कोट घ्यायला गेली.

परतीच्या ट्रेनमध्ये मला खिडकीजवळ जागा मिळाली. समोर एक बाई लहान मुलाला सफरचंद कापून देत होती. मी तो खांब आणि ती तिरकी मान आठवत होते. कोलोन गेलं, गाडी थोडी रिकामी झाली. हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला मिळालं तर मी आनंदाने करेन, असं मला वाटत होतं. तीच यादी, तेच फोन, तोच कागदांचा गठ्ठा. फक्त एक फोन करणार नाही. ड्युसेलडॉर्फ आलं तसं मी उठून दाराशी उभी राहिले.